दोघी एकाच ठिकाणी

कडूबाई आली तेव्हा अंगणवाडीतली लेकरं खिचडी खाऊन घरी गेली होती आणि दीपमाला वजनाचं रजिस्टर भरत बसली होती. चकलांब्याच्या पलीकडं, माळाच्या कडेला पन्नास-साठ घरांची ती वस्ती. दिवाळी उरकली की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागायची आणि माणसं उसाला निघायची. मागं उरायची म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात घातलेली लेकरं.

कडूबाई दारातच टेकली. या दोघी एकाच वर्षी या वस्तीवर नांदायला आलेल्या. दीपमाला दहावी पास म्हणून सेविका झाली, कडूबाईच्या हातात कोयता आला. पण पहिल्या बाळंतपणात दीपमाला मरता मरता वाचली, तेव्हा गेवराईच्या दवाखान्यात चार दिवस तिच्या उशाशी बसून राहिली होती ती कडूबाईच. चारचौघांत ती दीपमालाला ‘बाई’ म्हणायची. दोघीच असल्या की ‘दीपे’.

“दीपे, एक सांगायचं हाय. कुनाला बोलू नको.”

“बोल की.”

कडूबाईनं आधी मागं वळून रस्ता बघितला. “आमचे भाऊजी तेजूचं बघायलेत. आष्टीकडचं स्थळ हाय म्हनं. तेरावं लागलंय फकस्त तिला. मी न्हाई म्हनले, तर म्हनतेत, वैनी, तुमी जावा उसाला, हिकडचं आमी बघतो. मी तिकडं गेले की हे तिला उजवून मोकळे व्हतील.”

कडूबाईचा नवरा बंकट दोन हंगामांपूर्वी ट्रॉली उलटून त्याखाली गेला. तेव्हापासून ती भावाच्या, आसारामच्या जोडीनं ऊस तोडायला जायची. घरात दोन लेकी. तेजश्री सातवीत, संस्कृती पाच वर्षांची. सासू भिवराबाई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“संगं घेऊन जा ना पोरींला.”

“मागल्या साली नेलतं की. तेजूची शाळा बुडली. अन् धाकटी उसाच्या पेटल्या पाचटात जाता जाता ऱ्हायली. न्हेऊ कशी? अन् ठिवू तरी कुनापाशी?”

गावच्या शाळेतलं हंगामी वसतिगृह त्या वर्षी उघडलंच नव्हतं. दीपमालानं पेन खाली ठेवलं. तिच्या मनात लगेच अभिमन्यू सरांचं नाव आलं.

अभिमन्यू सर बीडच्या एका संस्थेत होते. तिशीच्या आतबाहेरचा, समाजकार्य शिकलेला, मोटरसायकलवर वाड्यावस्त्या हिंडणारा माणूस. महिन्याच्या बैठकीला ते सेविकांना सांगायचे, ‘ताई, अडचणीतलं मूल सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं. तुम्ही आमच्यापर्यंत पोचवा, पुढचं आमच्याकडे लागलं. आणि सांगणाऱ्या बाईचा शब्द बाहेर जाणार नाही, ही माझी हमी.’ बाकीचे साहेब सेविकांना ‘ए बाई’ करत, हा माणूस उभा राहून ‘ताई’ म्हणायचा. दीपमालाच्या मुलाला ताप आला होता तर स्वतःच्या गाडीवर त्यांनी तिला दवाखान्यात सोडलं होतं. तिचा त्यांच्यावर पुरता भरवसा होता.

दोनच दिवसांत सर आले. अंगणवाडीत चटईवर बसून त्यांनी कडूबाईचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

“दोघींची सोय होईल,” ते म्हणाले. “गेवराईतच मुलींचं वसतिगृह आहे. शाळा तिथंच. तुम्ही हंगाम संपवून या, मुली घरी. दीराला आम्ही समज देऊ.”

“दोघी एकाच ठिकानी ऱ्हातील न्हवं?” कडूबाईनं सरांना नाही, दीपमालाला विचारलं.

“एकाच ठिकाणी,” दीपमाला म्हणाली. “मी सांगते ना.”

अर्ज तीन पानांचा होता. पहिल्या दोन पानांवर दीपमालानं वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. आईचं नाव, बापाचा मृत्यू, आई हंगामी ऊसतोडीला जाते, चैत्रात परत येते, संपर्कासाठी मामा आसाराम यांचा फोन नंबर. तिसरं पान शिफारशीचं. त्यावर सर म्हणाले, “हे राहू द्या ताई, त्याला ठरावीक भाषा लागते. ऑफिसात मी भरतो. या ताईंची सही तेवढी घेऊन ठेवा, नाहीतर त्या निघून गेल्यावर काम अडून बसेल.”

कडूबाईनं पेन हातात धरलं आणि दीपमालाकडं बघितलं.

“कोऱ्यावर?”

“सर आपलेच हायेत गं.”

कडूबाईनं सही केली. ती सही तिला दीपमालानंच शिकवलेली होती, याच खोलीत, बचत गटाच्या वेळी.

चार दिवसांनी टोळीचा ट्रॅक्टर निघाला. कडूबाई ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. संस्कृती खालून रडत होती आणि तेजश्रीनं तिला कडेवर घेतलं होतं. कडूबाईनं वरून फक्त दीपमालाकडं हात केला.

तीन आठवड्यांनी पांढरी गाडी आली. संस्थेच्या दोन बाया, एक साध्या कपड्यातली पोलीस बाई आणि अभिमन्यू सर. भिवराबाई घाबरून ओसरीच्या कोपऱ्यात सरकली. तेजश्री धाकटीचा हात घट्ट धरून भिंतीला टेकून उभी राहिली. गाडीत बसायला तयारच होईना.

“आई म्हनली व्हती वसतिगृह हाय. मग पोलीस कावून आल्यात?”

“तो नियम आसतो बाळा,” दीपमालानं तिची वेणी सारखी करत सांगितलं. “मी हाय ना. दोघी एकाच ठिकाणी ऱ्हाताल. आईचा न् माझा शब्द झालाय.”

पोरगी तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं हात सैल सोडला आणि गाडीत चढली. संस्कृतीचे दोन झगे आणि आईची एक जुनी साडी दीपमालानं स्वतःच्या हातानं पिशवीत भरून दिली, कारण त्या साडीच्या पदराशिवाय धाकटीला झोप येत नसे. भिवराबाईचा अंगठा कशाकशावर घेतला गेला. तिला दिसतच नव्हतं.

त्याच दुपारी दीपमालानं आसारामच्या फोनवर निरोप दिला. पलीकडं उसाच्या पाल्याचा सळसळ आवाज येत होता. कडूबाई फोनवर रडली, पण ते रडणं सुटल्याचं होतं. “दीपे, तुझं कसं फेडू?” ती म्हणाली. तो सगळा दिवस दीपमाला हवेत होती. आपण रजिस्टरं भरण्यापलीकडंही काही करू शकतो, असं तिला नोकरीच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

आठ दिवसांनी तिनं सरांना फोन लावला. पोरींशी बोलायचं होतं.

“पहिला महिना बोलू देत नाहीत ताई. मुलं रुळायला हवीत.”

महिन्यानं पुन्हा लावला. “मीटिंगमध्ये आहे, करतो.” केला नाही. मग नुसती रिंग जाऊ लागली. कडूबाईचे फोन येत होतेच, आणि दीपमाला तिला सांगत होती, “चांगल्या हायेत. तेजू अभ्यासाला लागली. धाकटीनं अंग धरलंय.” सरांनी तसं सांगितलं नव्हतं. पण तसं असणारच, असं धरून ती सांगत होती.

संक्रांतीनंतरची गोष्ट. लेकरांना गुळाची पोळी आली होती. ताटल्या कमी पडल्या म्हणून मदतनीस सुभद्राबाईनं वर्तमानपत्राचे तुकडे करून त्यावर पोळ्या वाढल्या. लेकरं खाऊन उठली, दीपमाला कागद गोळा करू लागली, आणि तुपाचा डाग पडलेल्या एका कागदातून संस्कृती तिच्याकडं बघत होती.

फोटोत केस कापलेले होते, झगा दुसऱ्याच कुणाचा होता. पण डाव्या भुवईवरचा व्रण तिचाच. खाली लिहिलं होतं की, ही सुमारे पाच वर्षांची बालिका सोडून दिलेल्या अवस्थेत मिळून आली असून सध्या शिशुगृहात दाखल आहे. तिच्या पालकांनी अथवा नातेवाइकांनी मुदतीत संपर्क साधावा. अन्यथा त्यांचा तिच्यावर हक्क नाही असे समजून तिच्या पुनर्वसनाची पुढील कार्यवाही करण्यात येईल. शिशुगृह दुसऱ्याच जिल्ह्यातलं होतं. तेजश्रीचं नाव कुठंच नव्हतं.

“सुभद्राबाई, हा पेपर कधीचा?”

“कुनाला म्हाईत. रद्दीतला हाय.”

दीपमालानं वरची तारीख शोधली. ती फाटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती बीडला संस्थेत जाऊन उभी राहिली. अभिमन्यू सरांनी तिला बघितलं आणि खुर्ची पुढं केली. चहा मागवला. तिनं तो तेलकट-तुपकट कागद त्यांच्या टेबलावर पसरला.

“हे काय हाय सर?”

“ताई, बसा आधी.”

“पोरी गेवराईत न्हाईत?”

“मोठी बालगृहात आहे, आपल्याच जिल्ह्यात. सुरक्षित आहे. धाकटी सहाच्या आतली, तिला शिशुगृहातच ठेवावं लागतं. वयाचा नियम आहे.”

“हा नियम तवा म्हाईत नव्हता का?”

त्यांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला. दीपमालानं फाइल मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले; ती उठेना, तशी शेवटी काढली. पहिलं पान तिच्या अक्षरातलं. त्यानंतर लगेच तिसरं पान. दुसरं पान, ज्यावर ऊसतोडीचं, चैत्रात परत येण्याचं आणि आसारामच्या नंबराचं लिहिलं होतं, ते फाइलमध्ये नव्हतंच. तिसऱ्या पानावर सरांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘आई मुलींना वृद्ध व अंध आजीजवळ सोडून निघून गेली आहे. सांभाळ करण्यास असमर्थ असल्याचे तिने लिहून दिले आहे. सध्या ठावठिकाणा नाही.’ आणि त्याखाली कडूबाईची सही. वाकडीतिकडी, ‘ड’चा ‘ट’ झालेली.

 दीपमालाला वाटलं, आपण वाचायलाच चुकतोय. तिनं पुन्हा वाचलं.

“ठावठिकाणा न्हाई? तिच्या भावाचा नंबर मी दिलाय सर. तुमच्यासमोर लिहिलाय.”

“ताई, माझं ऐका.” सरांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “खरं लिहिलं असतं ना, आई उसाला जाते वगैरे, तर फाइल हललीच नसती. अशी हजारो मुलं आहेत जिल्ह्यात. कोण घेतं त्यांना? ‘सोडून दिलं’ म्हटलं की आठ दिवसांत काम होतं. मोठीचं लग्न टळलं की नाही? तेच तर हवं होतं ना आपल्याला?”

“अन् धाकटी? तिला कुनाला देऊन टाकणार?”

“चांगल्या घरात जाईल. शिकेल. तुम्हीच सांगा, फडात वाढण्यापेक्षा…”

“तिच्या आईला इचारलं तुमी?”

“तिच्या आईनं सही दिलीय.” मग पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, “कोरी सही तुम्ही घेऊन दिलीत, ताई. हे वर गेलं तर माझ्याआधी तुमचं नाव येईल. शांत राहा. कुणाचंच नुकसान होणार नाही.”

चहा तसाच राहिला. भिंतीवर त्यांनी वर्षभरात सोडवलेल्या मुलांचा तक्ता लावलेला होता, तालुक्यावार. गेवराईच्या रकान्यात आकडा खोडून दोननं वाढवलेला होता. दीपमाला जिना उतरून खाली आली आणि रस्त्याच्या कडेला बसली. तिला सरांचा राग यायला हवा होता. पण डोळ्यांपुढं येत होता तो तेजश्रीचा सैल सुटलेला हात.

घरी नवऱ्यानं, रामेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, “फोन करून सांग तिला.”

“फोनवर न्हाई सांगता यायचं.”

“मग चल, मी येतो.”

“न्हाई. मी एकटीच जाते.”

बीडहून जामखेड, करमाळा, इंदापूर, आणि तिथून पुढं भीमेच्या काठाला. टोळी ज्या फडात होती तिथवर पोचायला दुपार झाली. अर्धा फड तुटून पडला होता. बाया मोळ्या बांधत होत्या. कडूबाईनं तिला लांबूनच ओळखलं आणि हसत, हातातलं उसाचं वाढं टाकून पळत आली. जवळ येता येता तिनं दीपमालाचं तोंड बघितलं आणि तिचे पाय थांबले.

“कोन गेलं?”

“कुनी न्हाई. पोरी बऱ्या हायेत. कडू, खाली बस.”

दीपमालानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही; फोनवर सांगितलेलं अंग धरल्याचं, अभ्यासाचं, तेही खोटं होतं हे सांगितलं. आसाराम येऊन उभा राहिला होता. तो सरांना शिव्या घालू लागला.  कडूबाईच्या हातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या, त्याच ती बघत बसली होती.

तिनं विचारलं, “ती साडी तिच्यापाशी ठिवली आसंल का गं तिथं?”

“न्हाई म्हाईत.”

“अडीच म्हैने झाले. कशी निजत आसंल ती?”

दीपमालाला रडू फुटलं. कडूबाई रडली नाही. ती उठली, कोयता पाण्यानं धुतला, पाचटाच्या कोपीत जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि मुकादमाला सांगायला गेली. मुकादम आरडाओरडा करत होता, ती त्याच्यासमोर गाठोडं घेऊन नुसती उभी राहिली. शेवटी आसारामनं दोघांचं काम एकट्यानं ओढायचं कबूल केलं तेव्हा तिला सोडलं. परतीच्या सगळ्या वाटेत ती खिडकीला बसली होती. दीपमालानं जामखेडला केळी घेऊन तिच्या मांडीवर ठेवली. केळी तशीच बीडपर्यंत आली.

बालकल्याण समितीसमोर तारीख पडायला नऊ दिवस लागले. त्या दिवशी समोर अध्यक्ष म्हणून एक मध्यमवयीन बाई, दोन सदस्य आणि कडेला अभिमन्यू सर होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. दीपमालानं आदल्या दिवशी आपल्या हातानं लिहिलेलं निवेदन दिलं: आई मुलींना सोडून गेलेली नाही, मी दुसऱ्या पानावर तिचा ठावठिकाणा लिहिला होता, सही कोऱ्या पानावर घेतली, ती मीच घ्यायला लावली.

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून देताय?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “तुमच्या नोकरीवर येईल.”

“हो मॅडम.”

अभिमन्यू सर उठले. त्याच मऊ आवाजात त्यांनी सांगितलं की, दुसरं पान कधी नव्हतंच. आई परत येणार नाही हे दीपाताईंनीच आपल्याला तोंडी सांगितलं. आता गावातून दबाव आल्यामुळं त्या बदलल्या. ‘दीपाताई’ म्हणतानाही त्यांनी तिच्याकडं बघून किंचित मान झुकवली. दीपमालाला वाटलं होतं की निदान इथं, शपथेसारख्या जागी, हा माणूस खाली बघेल. त्यांनी खाली बघितलं नाही. आणि तिच्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं.

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली आणि कडूबाईला विचारलं, “तुम्ही कुठे होता?”

“उसाला.”

“मुलींना सोडून?”

“दरसाली जाते मॅडम. दरसाली माघारी येते. कुनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

मोठ्या मुलीला आत आणलं. तेजश्री वाळली होती. आईला बघून ती धावली नाही. जागच्या जागी उभी राहिली, मग एकदम खाली बसली. कडूबाई जाऊन तिच्याजवळ जमिनीवरच बसली. अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, “तुला कुठं राहायचंय बाळा?”

“आईसंग.” मग तिनं दीपमालाकडं बोट केलं. “पर या बाईंच्या गावात न्हाई.”

जाहिरातीची मुदत अजून संपली नव्हती; समितीनं दोन्ही मुली आईच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. तेजश्रीच्या लग्नाबद्दल चुलत्याला बोलावून लिहून घ्यायचं ठरलं. तिसऱ्या पानाची चौकशी वेगळी होईल, असं सांगण्यात आलं.

धाकटीला आणायला दीपमाला बरोबर गेली नाही. कडूबाईनं येऊ नको म्हटलं. काय झालं ते तिला नंतर आसारामकडून कळलं. संस्कृती आईजवळ आली, पण कडेवर बसेना. तिथल्या मावशीचा पदर धरून उभी राहिली आणि तिनं आईला विचारलं, “तू मला सोडून दिलतंस ना?” सगळे तसंच म्हणायचे. कडूबाई दिवसभर शिशुगृहाच्या ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी पोरगी आपणहून येऊन तिच्या मांडीवर बसली.

त्या वस्तीवर त्या परत आल्या नाहीत. कडूबाईनं सासूला घेतलं आणि माहेरी, नांदूरघाटला जाऊन राहिली. तिथं शेतात, वीटभट्टीवर, मिळेल त्या कामाला जाते. तेजश्रीचं नाव तिथल्या शाळेत घातलं.

दीपमालाला नोटीस आली. सहा महिने मानधन थांबलं, पण नोकरी टिकली. चौकशीचं पुढं काही ऐकू आलं नाही. अभिमन्यू सर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेले आणि तिथल्या सेविकांच्या बैठका घेतात, असं कुणीतरी सांगितलं. वस्तीवरच्या बाया दीपमालाशी भांडल्या नाहीत. त्या येतात, लेकरांचं वजन करून घेतात, खाऊचं पाकीट घेतात. ‘कसं चाललंय’ विचारलं तर ‘बरं हाय बाई’ म्हणतात आणि निघून जातात. दाराशी आता कुणी टेकत नाही.

उन्हाळ्यात ती एकदा नांदूरघाटला गेली. कडूबाईनं तिला बसायला पोतं टाकलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. संस्कृती अंगणात शेजारच्या पोरींबरोबर खेळत होती. तेजश्री आत होती, ती बाहेर आली नाही.

“तेजूला एकदा भेटू दे,” दीपमाला म्हणाली.

“ती न्हाई म्हनती. मी जोर करनार न्हाई.”

“कडू, मी मुद्दाम केलं न्हाई गं. मलाबी फसिवलं त्यानं.”

“म्हाईत हाय.” कडूबाई तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. “तुज्या मनात वाईट व्हतं, आसं म्या कवाच म्हनले न्हाई. तू तिथं खरं बोललीस म्हनून पोरी मिळाल्या, तेबी म्हाईत हाय. पर त्यो सर माजा कोन व्हता? म्या त्याच्यावर इस्वास ठिवलाच न्हवता. म्या तुज्यावर ठिवला व्हता.”

 केजच्या गाडीची वेळ झाली. कडूबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली, गाडीला हात केला.

“सावकाश जावा, बाई,” ती म्हणाली.

आजूबाजूला तिसरं कुणी नव्हतं.